स्विफ्ट की डिझायर: खान्देशातील घरासाठी हॅचबॅक आणि सेडान

जळगाव-धुळ्याकडे छोटी गाडी घ्यायचे ठरले की घरात एक वाद हमखास होतो: थोडे पैसे जास्त घालून मागे वेगळी डिकी असलेली सेडान घ्यावी, की काचेसकट उघडणारे मागचे दार असलेली हॅचबॅकच बरी? या वादात सेडान म्हणजे वरच्या वर्गातली मोठी गाडी, असे बहुतेकांनी धरलेलेच असते. मारुतीची हॅचबॅक स्विफ्ट आणि सेडान डिझायर यांच्यापुरते पाहिले तर ते खरे नाही. २०२४ साली आलेल्या या दोन्ही गाड्यांत १.२ लिटरचे तेच तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरही २४५० मिलिमीटर, म्हणजे अगदी सारखे आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीचे जाहीर केलेले मायलेज स्विफ्टला लिटरमागे २४.८० किलोमीटर आणि डिझायरला २४.७९. लांबी अनुक्रमे ३८६० आणि ३९९५ मिलिमीटर. हा फरक वीतभरही नाही.

डिझायर एवढी आखूड का, याचे उत्तर करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. त्यानंतर २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस चार मीटरच्या आत बसवून बाजारात आली. त्याच वर्षी आलेली पहिली डिझायर मात्र ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये तिची शेपटी छाटून ती ३९९५ वर आणली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो दोघींना सारखाच लागतो, त्यामुळे कराच्या हिशेबाने आता निवड करण्यासारखे काही उरलेले नाही.

खरा फरक मागच्या दारात आहे, आणि लिटरचे आकडे वाचून तो कळत नाही. स्विफ्टची डिकी २६५ लिटरची आणि डिझायरची ३८२ लिटरची. मात्र हॅचबॅकचा आकडा साधारणपणे सीटच्या पाठीएवढ्या उंचीपर्यंतच मोजलेला असतो. वरचा ट्रे काढला, मागच्या सीटची पाठ दुमडली, की काचेसकट उघडणाऱ्या दारातून ठिबकच्या नळीचे गोल बंडल किंवा मे महिन्यात ऐनवेळी घेतलेला कूलर आत सरकवता येतो. सेडानच्या डिकीचे तोंड अरुंद असते, उंबरठा उंच असतो आणि या वर्गातल्या बहुतेक सेडानमध्ये मागची पाठ दुमडत नाही. त्यामुळे आत जागा असूनही खोके तोंडाशीच अडते. बॅगा, डबे, गव्हाचा कट्टा अशा सामानासाठी मात्र डिझायरच सरस. चार माणसे मागेपुढे बसलेली असताना लग्नाचे सगळे सामान तिच्या डिकीत मावते आणि कोणाच्या मांडीवर पिशवी येत नाही.

सेडानची डिकी माणसांपासून वेगळी असते, ही गोष्ट आपल्याकडे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नंदुरबारच्या बाजारातून सुक्या लाल मिरचीचे पोते हॅचबॅकमध्ये टाकून निघालात, तर काचा बंद करून एसी लावताच मागे बसलेल्यांना ठसका लागतो, कारण सामान आणि माणसे एकाच हवेत असतात. खताची गोणी, ओला भाजीपाला यांचेही तेच. शिवाय उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हॅचबॅकच्या एसीला सामानाची ती मोकळी जागाही थंड करावी लागते.

धुळीचे गणित वेगळे आहे. हॅचबॅकची पाठ सरळ खाली तुटलेली असल्याने तिच्यामागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ काचेवर येऊन बसते. मळ्याच्या कच्च्या रस्त्याने थोडे अंतर गेले तरी मागचे दिसेनासे होते. म्हणून हॅचबॅक घेणाऱ्याने मागचा वायपर असलेलेच मॉडेल घ्यावे. खालच्या मॉडेलमध्ये तो मिळत नाही.

बसण्याच्या बाबतीत माझे मत डिझायरकडे झुकते. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा जास्त मिळते, आणि आजी-आजोबांना घेऊन धुळ्याहून सुरतेपर्यंत जायचे असेल तर ती जागा मोलाची आहे. गल्लीबोळात वळवायला दोन्ही सारख्याच. फक्त जळगावच्या दाणाबाजारात रिव्हर्स घेताना डिझायरची शेपटी आतून दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. चार लोकांत शोभते म्हणून सेडानसाठी कर्जाचा हप्ता वाढवणे मला पटत नाही. गाडी बहुतेक वेळ शेतीच्या कामाला जुंपली जाणार असेल, तर तो पैसा हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलला लावावा.

सीएनजी घेणार असाल तर मात्र हे सगळे पुन्हा तोलावे लागते. टाकी डिकीत बसते. स्विफ्टमध्ये मग हातात मावतील अशा एकदोन पिशव्यांपुरतीच जागा राहते, डिझायरमध्ये त्यापेक्षा बरी. टाटांनी २०२३ पासून टियागो आणि टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी आडव्या बसवल्या, त्यामुळे तिथे डिकी बरीच वापरता येते. कोणतीही घेतली तरी पैसे भरण्याआधी डिकी उघडून स्टेपनी कुठे ठेवली आहे आणि सामान भरलेले असताना ती काढायला काय काय उतरवावे लागेल, हे स्वतः करून पाहावे.