उन्हात स्क्रीन दिसत नाही? डिस्प्ले बदलण्याआधी हे वाचा

“बाहेर गेलं की काहीच वाचता येत नाही, डिस्प्ले बदलून द्या,” असं म्हणत अनेकजण मोबाईल घेऊन आमच्याकडे दुरुस्तीला येतात. डिस्प्ले बहुतेकदा ठणठणीत असतो. म्हणून खर्च करण्याआधी हे समजून घ्या.

एलसीडी स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या कडेला बारीक पांढरे एलईडी असतात. त्यांचा उजेड मागच्या थरातून सगळीकडे पसरतो आणि पिक्सेल तो अडवतात किंवा सोडतात. हाच बॅकलाइट. ओएलईडीत पिक्सेलच उजळतात, पण पुढचं गणित तिलाही लागू आहे.

स्क्रीनची उजळता निटमध्ये मोजतात. ५०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेडाच्या खोलीत पांढरा कागद साधारण १३० निट उजळ दिसतो. स्क्रीनही तितपतच ठेवावी, डोळ्यांना बरं पडतं. भर उन्हात उजेड १,००,००० लक्सच्या आसपास जातो आणि तोच कागद २५,००० निटच्या घरात. एवढा बॅकलाइट कुठल्याच मोबाईलला नसतो.

त्यात काच समोरचा सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. उजळ आकाशाचं प्रतिबिंब २५० निट धरा. ५०० निटच्या स्क्रीनवर पांढरं होतं ७५०, आणि काळं मात्र २५०! फरक उरला जेमतेम तिप्पट. मजकुरासाठी वेब सुलभतेचा निकष (संकेतस्थळं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीचा) किमान साडेचार पट मागतो. तेव्हा ब्राइटनेस वाढवाच, पण स्क्रीनमध्ये आकाशाऐवजी तुमची सावली किंवा गडद भिंत दिसेल असं वळून उभे राहा. डार्क मोड उन्हात बंद ठेवा. ई-इंक वाचकयंत्राला ही अडचण नाही, ते बाहेरच्याच उजेडावर कागदासारखं वाचता येतं.

ऑटो ब्राइटनेस नीट चालत नसेल तर आधी स्क्रीनगार्ड किंवा कव्हर उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर आलंय का ते बघा.

रात्री अडचण उलटी, तेव्हा स्क्रीन मंद करावी लागते. काही स्क्रीन मंद होताना फार वेगाने लुकलुकतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. अशांनी ब्राइटनेस थोडा वाढवून खोलीतला दिवा लावावा.

नुसती काच बदलून घेणार असाल तर ती पूर्ण पृष्ठभागावर चिकटवणार का, हे जरूर विचारा, आम्हालाही. फक्त कडेने चिकटवली तर मध्ये हवेची फट राहते, परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात आणि उन्हात अक्षरं आणखी फिकट दिसतात.

एलसीडी स्क्रीन पूर्ण काळी पडली असेल, तर अंधारात टॉर्च तिरकी धरून पाहा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल चालू आहे, बिघाड बॅकलाइटचा आहे. दुरुस्तीला देताना हे आवर्जून सांगा.