टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकच्या टाकीवरचे चरे जातात का?

कोल्हापुरात जुनी अ‍ॅक्रिलिकची माशांची टाकी विकत घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘टूथपेस्ट चोळा, चरे निघून जातील’. हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला, तरी तो बहुतांशी चुकीचा आहे. टूथपेस्टमधील बारीक कण फार तर पुसट, वरवरच्या रेघा मंद करतात. ज्या चऱ्यावरून नख फिरवले असता ते अडकते, तो चरा घालवायचा तर त्याच्या तळापर्यंतचा भोवतालचा थर समपातळीत आणावा लागतो, आणि ते काम टूथपेस्टच्या आवाक्यातले नाही.

त्यासाठी उद्यमनगर परिसरात हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासह वापरायचा घासकागद, वापरावा. टाकी रिकामी करून, पृष्ठभाग सतत ओला ठेवून ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे (नंबर वाढेल तसे अधिक बारीक) कागद क्रमाने फिरवावेत व प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा उरल्या आहेत का ते लगेच दिसते. पहिल्याच कागदानंतर टाकी दुधासारखी पांढुरकी होते आणि इथेच अनेक जण घाबरून हात थांबवतात. तसे करू नये, कारण शेवटी प्लास्टिकच्या पॉलिशने ती पारदर्शकता परत येते. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला काच पुसण्याचा द्रव मात्र कटाक्षाने टाळावा, त्याने अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात.

आतल्या बाजूचे बारीक चरे पाणी भरल्यावर बरेचसे दिसेनासे होतात, त्यामुळे घासण्यापूर्वी टाकी एकदा भरून पाहावी.