उन्हात मोजलेला पाइप

एप्रिलमधली दुपार, जळगावच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड. भिंतीवरचा थर्मामीटर ४२ अंश दाखवत होता. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाला पोलादी टेप गुंडाळून बाहेरचा व्यास घेतला, तो भरला ११०.४३. वरची मर्यादा ११०.४०. म्हणजे पाइप नापास. पण हाच पाइप सकाळी एसीच्या खोलीत, २७ अंशांवर, ११०.३३ भरला होता! टेप पुन्हा लावला, आकडा हलेना. मदतीला असलेले नाना म्हणाले, “भाऊ, पाइप बी तपी गया ना!”

नानांनी नेमकं दुखणं पकडलं. पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे सुमारे ७० मायक्रोमीटर फुगतं. १५ अंशांच्या फरकाने ११० मिलिमीटरमध्ये ०.१२ मिलिमीटर वाढतात. पोलादी टेपही तापून थोडा लांबतो, त्यामुळे माप ०.०२ ने कमी दिसतं. उरले ०.१०. हे गणित कळलं की तेवढं वजा करायचं. ही झाली त्रुटी.

खरा पेच पुढे आहे. थर्मामीटर भिंतीवर होता, पाइपावर नव्हता. दाराशी पडलेला पाइप ३९ अंशांवर होता की ४५ वर? तीन अंश इकडेतिकडे झाले तरी ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो कुठल्या बाजूला हे ठाऊक नसल्याने वजाही करता येत नाही. ही उरलेली शंका म्हणजे मापनाची अनिश्चितता. त्रुटी आणि अनिश्चितता यांची गल्लत भलेभले इंजिनीअर करतात, आणि ती महागात पडते.

दुसरी शंका हाताची. टेप कधी घट्ट बसतो, कधी सैल, ती ०.०३ धरू. मग एकूण ०.०५? नाही. दोन्ही शंका एकाच वेळी एकाच दिशेला पूर्ण झुकतील असं क्वचितच होतं, म्हणून दोघींचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. ते येतं जवळपास ०.०३६. त्याची दुप्पट घेतली की सुमारे ९५ टक्के खात्रीने सांगता येतं: ११०.३३ ± ०.०७. म्हणजे वरचं टोक बरोबर ११०.४० वर. पास म्हणावं की नापास?

आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार, पास-नापास सांगणाऱ्या प्रयोगशाळेने ही शंका कशी हिशेबात धरायची, तो निर्णयाचा नियम आधीच ठरवावा लागतो. मला ही अट फार मोलाची वाटते. रावेरच्या केळीबागेत तोच पाइप कपलरमध्ये बसला नाही, तर शेतकऱ्याला ± चं गणित सांगून काय उपयोग?

आम्ही पाइप रात्रभर एसीच्या खोलीत ठेवला. तापमानाची शंका मिटली. सकाळी नानांनी पाच ठिकाणी टेप लावून दिला, सरासरी घेतल्यावर हाताची शंकाही निम्म्याहून कमी झाली, आणि मी वहीत लिहिलं: ११०.३३ ± ०.०३, तापमान २७ अंश, पास.