बालकेंद्री आपत्तिसज्जता आणि उद्योगांचा सहभाग

भूकंप, पूर, आग, वायुगळती अशा संकटांची तयारी करताना मुलांच्या गरजा आधी धरायच्या आणि त्या तयारीत कारखानदार, कंपन्या, व्यापारी, दुकानदार यांना पहिल्यापासून सामील करून घ्यायचे, अशी ही कार्यपद्धती. संकट ओसरल्यावर धनादेश देणे किंवा ट्रकभर ब्लँकेटे पाठवणे हे मदतकार्य झाले. काटेकोर अर्थाने ते यात मोडत नाही. व्यवहारात मात्र बहुतेक उद्योगांची सुरुवात तिथूनच होते आणि बऱ्याचदा तिथेच थांबते.

मुलांचा वेगळा विचार का करायचा, याचे उत्तर भोपाळमध्ये मिळते. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत पसरत गेला. मुले उंचीने कमी आणि त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालणारा, त्यामुळे त्यांच्या वाट्याला विष जास्त आले. नाकातोंडावर ओला फडका धरावा, वाऱ्याबरोबर न पळता आडवे निघावे, एवढी साधी गोष्टही शेजारच्या वस्त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. म्हणजे उद्योग हा नुसता मदत करणारा नसतो, कधी तोच संकटाचे मूळ असतो, आणि अशा वेळी त्याच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू पैसा नसून माहिती असते.

भोपाळनंतर भारतात कायदे बदलले. 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम 41ब आले आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या रहिवाशांनाही देणे बंधनकारक झाले. 1989 च्या नियमांनी कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आपत्ती आराखडा, ज्याला सगळे ‘ऑफ-साइट प्लॅन’ म्हणतात, जिल्हा प्रशासनाकडे सोपवला. 1996 च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत रासायनिक अपघात हाताळणारे संकटगट नेमायला लावले. महाराष्ट्रात एमआयडीसीतले कारखाने एकमेकांना अग्निशमनाचे बंब, फेस आणि माणसे पुरवण्यासाठी ‘मार्ग’ या नावाने परस्पर-साहाय्य गट चालवतात.

शाळा या साखळीत कुठे बसते, हा खरा प्रश्न. भूकंपाच्या सरावात मुले आधी बाकाखाली शिरतात आणि हादरे थांबले की मैदानावर जमतात. वायुगळतीत याच्या नेमके उलट करायचे असते: मैदानावरून आत यायचे, खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची. दोन्हींसाठी शाळेची घंटा एकच असेल, तर सराव करूनही गोंधळच व्हायचा. भोंग्याचा कोणता आवाज कशासाठी, हे कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने वर्गात येऊन वाजवून दाखवावे लागते. कारखान्यावर फडकणारी वारा दाखवणारी कापडी पिशवी चौथीतल्या मुलालाही वाचता येते, फक्त ती शाळेच्या आवारातून दिसेल अशी लावायला हवी. खर्च म्हणाल तर नगण्य. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी मोठे स्फोट झाले. दोन्ही दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीतले होते, हे निव्वळ नशीब.

आंतरराष्ट्रीय चौकट थोडक्यात अशी. 2011 मध्ये आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीची मुलांची सनद आली. तिच्यातला पहिला आग्रह शाळा सुरक्षित असाव्यात हा होता. 2012 मध्ये युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा उद्योगांसाठीचा उपक्रम ग्लोबल कॉम्पॅक्ट आणि सेव्ह द चिल्ड्रन ही बालहक्क संस्था यांनी उद्योगांसाठी बालहक्कांची 10 तत्त्वे मांडली; त्यांतले नववे आपत्तीत सापडलेल्या मुलांविषयी आहे. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी देशांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या सेंदाई आराखड्याने खासगी क्षेत्राला आणि मुलांना, दोघांनाही भागीदार म्हटले. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे 2016 ची आहेत.

पैशाची वाट कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 मधून जाते. 500 कोटींचे नक्त मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष लागू झाला की कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. 2019 मध्ये या कामांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापनाची भर पडली, तीही ‘मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणीसह’ अशा शब्दांत. पूर्वतयारी त्यात येते, पण नाव घेऊन सांगितले ते नंतरचेच. शिवाय कंपनीचे नेहमीचे कामकाज या खर्चात धरत नाहीत. साहजिकच, वाहतूक कंपनीने आपल्या गाड्यांचा आराखडा शाळांसाठी आधीच आखून ठेवला तर ते हिशेबात दाखवणे अवघड आणि दप्तरे वाटली तर सोपे. दप्तरांचे फोटोही चांगले येतात.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण किल्लारीचे. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंतींवर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारोंचा बळी गेला. पुण्यात बांधकाम व्यवसायात नाव कमावलेले शांतिलाल मुथ्था यांनी स्थापलेल्या भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. व्यापारी समाजाचा पैसा, जेवणाची व्यवस्था, इमारती उभारायची सवय, हे सगळे त्यामागे उभे राहिले. पुढे पुण्याजवळ वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र घडले, तिथे नंतर मेळघाटातली आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतली मुलेही शिकली. 2001 च्या कच्छ भूकंपानंतर याच संघटनेने गुजरातेत तात्पुरत्या शाळा वेगाने उभारल्या. त्या भूकंपात अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली 185 मुले आणि 20 शिक्षक गल्लीतल्या घरांखाली गाडले गेले होते.

किल्लारीचा प्रयोग आज जसाच्या तसा कोणी करू नये, असे बालसंरक्षणाचे आजचे मत सांगते. मुलाला आजी, मामा, गाव यांच्यापासून दूर नेणे हा शेवटचा पर्याय मानला जातो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमातही संस्थेत ठेवण्याविषयी हेच तत्त्व आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने 16 वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय आचेह प्रांताबाहेर नेण्यास बंदी घातली, ती मुलांच्या तस्करीच्या भीतीने. वाघोलीचे मोल त्याने कमी होत नाही. तिथे मदत एका हंगामात आटोपली नाही, वर्षानुवर्षे चालली, आणि उद्योगांच्या सहभागात हेच सहसा घडत नाही.

चांगल्या हेतूने केलेली मदत अंगाशी येते, याचा नमुना दूधपावडर. मे 2006 मध्ये इंडोनेशियाच्या योग्यकार्ता भागात भूकंप झाल्यावर तान्ह्या मुलांच्या दुधाचे डबे सर्रास वाटले गेले. नंतरच्या पाहणीत हे डबे मिळालेल्या मुलांमध्ये जुलाबाचे प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळले. पाणी दूषित, उकळायला इंधन नाही, बाटली धुवायची सोय नाही आणि आयांचे अंगावरचे पाजणे सुटलेले. भारतात 1992 च्या कायद्याने अशा डब्यांच्या फुकट वाटपावर आधीच बंधने आहेत, पण पुराच्या धावपळीत ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. जपानने वेगळी वाट धरली. 2016 च्या कुमामोतो भूकंपात फिनलंडहून आलेले, पाणी मिसळावे न लागणारे तयार दूध उपयोगी पडले. मग 2018 मध्ये सरकारने त्याची मानके ठरवली आणि 2019 मध्ये ग्लिको व मेइजी या कंपन्यांनी ते बाजारात आणले. 2017 मध्ये तिथल्या सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट या दुकानसाखळ्यांना आपत्ती कायद्याखाली अधिकृत जबाबदारीही दिली गेली. आपल्याकडे कोपऱ्यावरचा किराणावाला हेच काम बिनकागदाचे करतो. कोणत्या घरात तान्हे मूल आहे, हे त्याला उधारीच्या वहीवरून ठाऊक असते.

उद्योग हे पालकांचे मालकही असतात, ही बाजू बहुतेक आराखड्यांत सुटते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कार्यालये दुपारी एकदम सुटली, रस्ते तुंबले, लोकल थांबल्या. आईबाप गाड्यांत किंवा गुडघाभर पाण्यात आणि मुले शाळांत, शाळेच्या बसमध्ये, कुठे अनोळखी घरांत रात्रभर अडकली. अशा दिवशी कंपनीने करायच्या गोष्टी किरकोळ आहेत: लाल इशारा आला की सकाळीच घरून काम जाहीर करणे, लहान मुलांच्या पालकांना आधी सोडणे, बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने. शाळेजवळच्या कार्यालयाने एखादा मजला, जनरेटर आणि पिण्याचे पाणी रात्रीपुरते मुलांसाठी देण्याचे शाळेशी लेखी ठरवावे. त्या कागदावर रखवालदाराचे नावही हवे, कारण रात्री किल्ली त्याच्याकडे असते.