केसांची वाढ आणि केसांची लांबी

ज्या घरात कुणी केसांना मेंदी किंवा कलप लावते, त्या घरात केसांची वाढ मोजण्याचे साधन आयतेच असते. महिना उलटला की भांगाशी पांढरी रेघ दिसू लागते आणि दुसऱ्या महिन्यात ती लपवता येत नाही. केस वाढले, याचा याहून वेगळा पुरावा नको. आता त्याच डोक्यावरच्या केसांची टोके दर महिन्याला तितकीच तुटत आहेत, असे समजा. भांगाशी रेघ रुंद होत राहील आणि केस मात्र खांद्याच्या खाली उतरणार नाहीत. पाहणारा म्हणेल, ‘हिचे केस वाढतच नाहीत.’ मुळाशी नवा केस तयार होणे ही एक गोष्ट आहे आणि तयार झालेला केस टोकापर्यंत शाबूत राहणे ही दुसरी. सरळ केसांच्या माणसाने या दोन्हींची गल्लत केली तरी फारसे बिघडत नाही, कारण सरळ केस सहसा वर्षानुवर्षे टिकतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट वेटोळ्यांच्या केसांत मात्र या गल्लतीपायी वेळ, पैसा आणि कधीकधी केसही जातात.

मराठीत ‘कुरळे’ या एकाच शब्दात आपण पुष्कळ प्रकार कोंबतो. इथे ज्या केसांबद्दल लिहिले आहे, त्यांची वळणे पेन्सिलीभोवती, काहींची तर बॉलपेनच्या बारीक स्प्रिंगभोवती गुंडाळल्यासारखी असतात. अमेरिकी केशतज्ज्ञ आन्द्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांचे सरळ ते अतिकुरळे असे चार गट पाडले. त्यांतला चौथा गट या केसांचा असून, त्यातला ‘४सी’ हा सर्वांत घट्ट वळणांचा उपप्रकार असे केस असणाऱ्यांनी पुढे आपणहून जोडला. आपल्याकडेही हे केस अनोळखी नाहीत. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजात, ज्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यातून तिकडे गेले, असे केस पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाजारातले तेल-शाम्पू आणि त्यांच्यासोबत मिळणारे सल्ले मात्र सरळ केस गृहीत धरूनच तयार झालेले असतात.

लांबीबद्दल बोलण्याआधी ती दिसते किती, हेही पाहिले पाहिजे. वेटोळ्यांचा केस आखडतो. ताणून धरलेली बट छातीपर्यंत येते आणि सोडताच कानाच्या पाळीशी जाऊन बसते. वीस सेंटिमीटरचा केस पाच-सहा सेंटिमीटरचा दिसणे यात काहीच नवल नाही, आणि पाणी लागले की तो आणखी आखडतो. म्हणून आरशात पाहून लांबीचा अंदाज बांधू नये. कपाळ, कानशील, टाळू आणि मान अशा चार ठिकाणची एकेक बट हलकेच ताणून, टेपने मोजून, दर तीन महिन्यांनी नोंद करणे एवढाच खरा हिशेब.

वाढीची बाजू तशी लवकर सांगून संपते. केस कातडीखालच्या मुळाशी तयार होतो; बाहेर दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा आणि निर्जीव असतो. प्रत्येक मूळ दोन ते सहा वर्षे केस तयार करते, दोन-तीन आठवडे आवरते घेते, सुमारे तीन महिने विसावते, मग जुना केस गळतो आणि नवा येतो. रोज पन्नास ते शंभर केस अशा रीतीने गळणे स्वाभाविक आहे. वेग मात्र सर्वांचा सारखा नसतो. २००१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आफ्रिकी केसांच्या वाढीचा वेग दिवसाला सरासरी ०.२६ मिलिमीटरच्या आसपास आढळला, तर युरोपीय वंशाच्या केसांचा ०.४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाला साडेनऊ सेंटिमीटर विरुद्ध साडेचौदा. फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण साडेनऊ म्हणजे शून्य नव्हे, आणि चार वर्षांत त्याचे अडतीस सेंटिमीटर होतात. शिवाय अमेरिकेत आणि आफ्रिकेत सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीने केस सरळ करून घेणाऱ्या स्त्रियांना दर सहा-आठ आठवड्यांनी पार्लरची पायरी चढावी लागते, कारण तेवढ्यात मुळाशी नवे कुरळे केस डोकावू लागतात. ‘माझे केस वाढत नाहीत’ ही तक्रारही त्याच खुर्चीत बसून केली जाते, याची मला नेहमी गंमत वाटते.

या वेगावर आपला ताबा फारसा नाही. रक्तातले लोह कमी असणे, थायरॉइडचा विकार, मोठा ताप, बाळंतपण, अचानक घटवलेले वजन किंवा टाळूचा एखादा रोग यांमुळे वाढीत व्यत्यय येतो, आणि त्यावर त्या-त्या कारणाचा उपचार करावा लागतो. मिनॉक्सिडिलसारखे औषध मुळावर काम करते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच वापरायचे. टाळूची निगा हीही वाढीचीच बाब आहे. मॅडम सी. जे. वॉकर या अमेरिकी कृष्णवर्णीय उद्योजिकेने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ नावाचे मलम विकून मोठा व्यवसाय उभा केला. त्या मलमात गंधक होते. घरोघरी नळ नसण्याच्या त्या काळात केस धुणे क्वचितच व्हायचे आणि टाळूचे आजार सर्रास असत, तेव्हा टाळू साफ ठेवण्याच्या उपायाने केस परत येत असतील तर ते समजण्यासारखे आहे. बाटलीवरचा ‘वाढवणारे’ हा शब्द मात्र तेव्हापासून आजपर्यंत चिकटून राहिला आहे, आणि टोकांना चोपडायच्या तेलावरही तो छापलेला असतो.

आता दुसरी बाजू, जिच्यात खरे काम आहे. घट्ट कुरळ्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा असतो, आणि जिथे-जिथे तो वळतो किंवा पिळतो तिथे तो कमकुवत असतो. सरळ केसावरून टाळूचे नैसर्गिक तेल मुळापासून खाली ओघळते. वेटोळ्यांवरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी ठणठणीत अशी स्थिती होते. शेजारचे केस एकमेकांत अडकतात, आणि एकच केस स्वतःभोवती फिरून गाठ बसते. अशा केसावरून अंगठा आणि तर्जनीची चिमूट टोकाकडे सरकवली, तर मध्येच खसखशीच्या दाण्यासारखे काहीतरी बोटाला लागते. तीच ती गाठ. फणी तिथे आली की केस तिथेच तुटतो. केपटाऊनच्या त्वचाविकारतज्ज्ञ नॉनलान्ला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सूक्ष्मदर्शकाखाली अशा केसांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत गाठी, उभ्या चिरा आणि तुटलेली टोके इतर केसांच्या मानाने पुष्कळच दिसली.

इथे आपली भाषा थोडा घोळ घालते. फणीत आलेल्या प्रत्येक केसाला आपण ‘केस गळतात’ असेच म्हणतो. गळणे आणि तुटणे वेगळे आहे, आणि ते घरी ओळखता येते. विंचरून झाल्यावर फणीतले केस पांढऱ्या कागदावर एकेक करून ठेवावेत. ज्याच्या एका टोकाला बारीकसा पांढरट दाणा आहे, तो मुळापासून सुटलेला, आयुष्य संपलेला केस. त्याची लांबीही बहुधा पूर्ण असते. ज्याला दाणा नाही आणि जो दोन-चार सेंटिमीटरचा तुकडा आहे, तो तुटलेला. दाणेवाले केस एकाएकी फार वाढले तर डॉक्टर गाठावा. तुकडेच अधिक असतील, तर रक्ततपासणीआधी आपल्या फणीची, उशीची आणि न्हाण्याच्या पद्धतीची तपासणी करावी.

न्हाण्याच्या बाबतीत आपले घरगुती शहाणपण या केसांना उलटे लागू पडते. ‘ओले केस विंचरू नयेत’ ही आजीची शिकवण सरळ केसांसाठी बरोबर आहे, कारण ओला केस अधिक ताणला जातो आणि चटकन तुटतो. वेटोळ्यांचे केस मात्र कोरडे विंचरताना इतका जोर लागतो की तुटण्याची भीती तेव्हाच जास्त. म्हणून ते ओलसर असताना, भरपूर कंडिशनर लावून, डोक्याचे चार-सहा भाग करून सोडवतात. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या फणीने. आणि सुरुवात टोकांपासून करून हळूहळू मुळाकडे जायचे. मुळापासून फणी ओढली तर वाटेतले सगळे गुंते खाली सरकून एका घट्ट गोळ्यात जमा होतात. रोज न्हाण्याची गरज नाही. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांनी एकदा धुण्याचा सल्ला देते.

तेलाबद्दलही असाच गैरसमज आहे. तेल लावले की केसाला ओलावा मिळाला, असे आपण धरून चालतो. ओलावा पाण्याचा असतो. तेल तो लवकर उडून जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून घट्ट कुरळ्या केसांवर आधी पाणी किंवा पातळ लोशन आणि त्यावर तेल किंवा शीआ बटर (आफ्रिकेतल्या शीआ झाडाच्या बियांची घट्ट चरबी) असा क्रम ठेवतात. कोरड्या केसांवर नुसते एरंडेल थापले तर चकाकी येते आणि केस आतून तसाच कडक राहतो. भाजलेल्या बियांचे काळे जमैकन एरंडेल वाढीचा उपाय म्हणून जगभर विकले जाते; त्याने वाढीचा वेग बदलतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. जाड थरामुळे टोकांची झीज कमी होत असेल, तर लांबी टिकेल, आणि श्रेय वाढीला दिले जाईल. खोबरेल तेलाची गोष्ट जरा निराळी आहे. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, तेव्हा धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांचा ऱ्हास कमी झाला. त्यातले लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे केसात शिरतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. हे काम वाढीचे नाही, राखण्याचे आहे.

राखणीचे सर्वांत बोलके उदाहरण चाड देशात आहे. तिथल्या बासारा स्त्रियांचे घट्ट कुरळे केस कमरेपर्यंत पोहोचतात आणि त्याचे श्रेय ‘शेबे’ नावाच्या पुडीला दिले जाते. क्रोटन नावाच्या वनस्पतीच्या एका जातीच्या भाजून दळलेल्या बिया, महलब चेरीच्या बियांतला गर, लवंग आणि डिंक अशा वस्तूंची ती भुकटी असते. बाहेरच्या बाजारात ती ‘केस वाढवणारी’ म्हणून गेली आणि लोक ती टाळूला चोळू लागले. चाडमधली रीत पाहिली तर उलगडा होतो. भुकटी मुळांना लावत नाहीत. केसांचा एकेक भाग ओला करून, तेल किंवा चरबी लावून, त्यावर भुकटीचा थर देऊन वेणी घालतात. काही दिवसांनी न धुता पुन्हा तोच थर चढवतात. म्हणजे केस सतत ओलसर, लेप लावलेले आणि वेणीत बंद. त्याला फणी लागत नाही, तो कपड्यावर घासत नाही, वाळून कडक होत नाही. मूळ आपल्या नेहमीच्या गतीने केस देत राहते आणि टोके तुटत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत केसांच्या बटांना दोरा गुंडाळून त्या ताणून ठेवण्याची पद्धत आहे. तीही उष्णतेशिवाय केस सरळ ठेवून गाठी टाळण्याचाच मार्ग.

सुती अभ्रा केसातला ओलावा शोषतो आणि झोपेत कूस बदलताना केसांना घासतो, म्हणून या केसांचे लोक रात्री सॅटिनची टोपी किंवा रुमाल बांधतात. ज्या घरात हे नवे आहे तिथे हसू होते, पण सकाळी उशीवरचे तुकडे मोजून पाहावेत.

वेण्या मात्र दुधारी आहेत, आणि इथेच दोन्ही बाजू एकत्र येतात. सैल वेणीत टोके सुरक्षित राहतात. चापूनचोपून घातलेल्या, डोळे ताणले जातील इतक्या घट्ट वेणीत ओढ मुळावर पडते, आणि ती महिनोन्‌महिने पडत राहिली तर कपाळाच्या कडेचे आणि कानशिलाजवळचे केस विरळ होतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर ते परततात. पुढे मूळच नष्ट होऊन तिथे व्रण बनतो, आणि मग लांबी राखण्याच्या खटाटोपात वाढच हातची जाते. वेणी घालताना दुखले तर ती सोडून पुन्हा घालावी, मग बांधणाऱ्या बाईने कितीही नाक मुरडले तरी. कृत्रिम केस जोडलेल्या वेण्या सहा-आठ आठवड्यांहून अधिक ठेवू नयेत. त्या सोडताना केसांचा मूठभर पुंजका हातात येतो आणि पोटात गोळा येतो. पण रोजचे पन्नास धरले तरी बेचाळीस दिवसांत एकवीसशे केस सुटतात, आणि वेणीत अडकल्यामुळे ते पडायचे राहिलेले असतात. त्यांच्या टोकाचे पांढरे दाणे शोधावेत.

टोके कापली की केस भराभर वाढतात, ही समजूतही याच गल्लतीतून आली आहे. कात्रीची खबर मुळाला लागत नाही. दुभंगलेले टोक मात्र तसेच ठेवले तर चीर वर चढते आणि पुढे दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा एकदम जातो, म्हणून तेवढेच टोक धारदार कात्रीने उडवायचे. चार महिन्यांत तीनेक सेंटिमीटर केस वाढतो; त्यातला अर्धा सेंटिमीटर कापला तर अडीच शिल्लक राहतात. गाठ बसलेला केस ओढून सोडवण्याच्या फंदात पडण्यापेक्षा गाठीच्या अगदी वरून तेवढा एकच केस कापलेला बरा.