क्वांट : कॅट परीक्षेतील संख्यात्मक क्षमता

कॅट या प्रवेश परीक्षेतल्या गणिताच्या विभागाचे आणि त्यातली उदाहरणे सोडवण्याच्या कौशल्याचे हे रूढ नाव आहे. कागदोपत्री नाव ‘क्वांटिटेटिव्ह अ‍ॅबिलिटी’ असले तरी क्लासपासून वसतिगृहापर्यंत सगळीकडे ‘क्वांट’ हाच शब्द चालतो. आयआयएम म्हणजेच भारतीय व्यवस्थापन संस्थांमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा सहसा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. एकेका वर्षी एकेक आयआयएम ती घेते. २०२४ मध्ये सुमारे २.९३ लाख उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले.

परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम कधीच जाहीर होत नाही. जुने प्रश्न पाहून जो अंदाज बांधला जातो, तोच अभ्यासक्रम. त्यात बहुतांश गणित दहावीपर्यंतचे असते : शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर-प्रमाण, मिश्रण, काळ-काम-वेग, वर्गसमीकरणे, असमानता, त्रिकोण-वर्तुळे, विभाज्यता. लघुगणक, श्रेढीचा काही भाग आणि क्रमचय-संचय एवढेच काय ते पुढच्या इयत्तांतले. कलनशास्त्र येत नाही. त्यामुळे अभियांत्रिकीची चार वर्षे इथे ज्ञान म्हणून फारशी कामी येत नाहीत, आकड्यांची भीती मोडलेली असते एवढाच फायदा.

स्वरूप : २००८ पर्यंत ही परीक्षा कागदावर होत असे, २००९ पासून ती संगणकावर गेली. २०१५ मध्ये तीन मोठे बदल एकदम आले. क्वांट हा स्वतंत्र विभाग झाला, पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर मिळाला आणि पर्याय नसलेले प्रश्न सुरू झाले. या शेवटच्या प्रकारात उत्तर स्वतः टंकायचे असते; त्याला ‘टीटा’ म्हणतात. तेव्हा क्वांटचे ३४ प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असत. २०२० मध्ये महासाथीच्या काळात परीक्षा दोन तासांची झाली, आणि ती तशीच राहिली. २०२१ पासून क्वांटला २२ प्रश्न आणि ४० मिनिटे आहेत. म्हणजे एका प्रश्नाला १०९ सेकंद, आणि त्यातच प्रश्न वाचणेही आले. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्या पर्यायी उत्तराला १ गुण वजा. टीटा चुकला तर वजाबाकी नाही.

कॅल्क्युलेटर मिळाल्याने काम सोपे झाले, हा समज पहिल्या सराव परीक्षेतच गळून पडतो. माउसने एकेक बटण दाबत ४८ गुणिले ३५ करेपर्यंत तोंडी हिशेब करणारा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. या बाबतीत मराठी शाळांतून गेलेली एक जुनी शिदोरी आठवते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे हे पाढे आता फारसे कुणी घोकत नाही, पण क्वांटमध्ये लागणारी नजर नेमकी तीच असते. तेलाचा भाव २५ टक्के वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? ज्याला ‘सव्वापट’ दिसते त्याला लगेच कळते की भाव पाच चतुर्थांश झाला, म्हणून वापर चार पंचमांशावर आणायला हवा. कपात २० टक्के. ज्याला फक्त २५ हा आकडा दिसतो, तो २५ हेच उत्तर नोंदवून येतो.

रीती : शाळेत ‘क्ष मानू’ इथून सुरुवात होते. क्वांटमध्ये शक्य तिथे क्ष टाळायचा असतो. एक काम अ १२ दिवसांत आणि ब १८ दिवसांत करतो. दोघांनी ४ दिवस मिळून केल्यावर अ निघून गेला, तर उरलेले काम ब किती दिवसांत संपवेल? वहीतली रीत एक छेद बारा अधिक एक छेद अठरा अशी जाते. परीक्षेतली रीत कामच ३६ एकक धरते, कारण १२ आणि १८ यांचा लसावि ३६. मग अ रोज ३ एकक करतो, ब रोज २. चार दिवसांत २० झाले, १६ उरले, ब ला ८ दिवस लागतील. अपूर्णांक कुठे आलाच नाही. सरासरी वेगाचेही तसेच. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर अंतर १२० धरावे : तीन तास गेले, दोन तास आले, २४० भागिले ५ म्हणजे ४८. पन्नास हे उत्तर पर्यायांत हटकून असते. पेपर काढणाऱ्याने ते घाई करणाऱ्यांसाठीच ठेवलेले असते.

मिश्रणाची तिरपी वजाबाकी, जिला क्लासमध्ये ‘अ‍ॅलिगेशन’ म्हणतात, ही तर दुकानदारी बुद्धीच. ६० रुपये किलोचा तांदूळ ८५ रुपये किलोच्या तांदळात असा मिसळायचा की ८४ रुपयांनी विकून २० टक्के नफा व्हावा. ८४ मधून नफा काढला की खरेदी ७० ठरते. सत्तरपासून पंच्याऐंशी १५ वर, साठ १० खाली. म्हणून स्वस्त आणि महाग तांदळाचे प्रमाण १५ : १०, म्हणजे ३ : २. हीच युक्ती सरासरी गुण, दोन दरांनी गुंतवलेले भांडवल आणि वर्गातल्या मुलामुलींची टक्केवारी यांनाही लागू पडते, हे ज्याच्या ध्यानात येते त्याचा चार प्रकरणांचा अभ्यास एकात होतो.

खरी परीक्षा मात्र संख्यांच्या उदाहरणांत असते. १/क्ष + १/य = १/६ हे समीकरण घ्या; धन पूर्णांकांच्या किती क्रमित जोड्या ते पूर्ण करतात? आकडे घालून पाहत बसलो तर विभागाची वेळ इथेच संपेल. मांडणी बदलून (क्ष − ६)(य − ६) = ३६ असे लिहिले की प्रश्न ३६ च्या विभाजकांचा होतो. विभाजक ९, म्हणून जोड्या ९. क्रम मोजायचा नसेल तर उत्तर ५. आणि प्रश्नात ‘धन’ हा शब्दच नसेल, नुसते ‘पूर्णांक’ असेल, तर ऋण विभाजकांच्याही ९ जोड्या येतात. त्यातली −६ आणि −६ ही जोडी क्ष आणि य दोघांना शून्य करते म्हणून ती वगळायची, एकूण १७. एकाच समीकरणाची ५, ९ आणि १७ अशी तीन उत्तरे, आणि निकाल एका विशेषणावर. टीटा प्रकारात तर हाताशी पर्यायही नसतात.

या उदाहरणांचा वंश जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्रैराशिक, व्याज, मिश्रण हे सगळे आहेच, शिवाय हौद भरण्याचे उदाहरणही आहे : चार झरे वेगवेगळे सोडले तर एक दिवस, अर्धा दिवस, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवसात विहीर भरतात, एकदम सोडले तर दिवसाच्या कितव्या भागात भरेल? दिवसाला १ + २ + ३ + ६, म्हणजे बारा विहिरी. उत्तर दिवसाचा बारावा भाग. श्लोक ‘वदाशु’ या शब्दावर संपतो, म्हणजे ‘झटकन सांग’. घड्याळ नव्हते, पण घाई होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तो मठ म्हणजे महाराष्ट्रातला पहिला क्लास, असा विनोद करण्याचा मोह होतो.

निवड : क्वांटमध्ये सगळे २२ प्रश्न सोडवायचे नसतात, ही गोष्ट पहिलटकरांच्या गळी उतरत नाही. गुण सत्रांनुसार समायोजित करून त्यांचे पर्सेंटाइल काढतात, म्हणजे किती टक्के उमेदवार तुमच्या मागे आहेत ते पाहतात; तुमची तुलना पेपरशी नसून इतरांशी असते. गेल्या काही वर्षांत या विभागाच्या ६६ पैकी निम्म्याच्या आसपास गुणांनाही ९९ पर्सेंटाइल मिळालेले आहे. शाळेने ‘एकही प्रश्न सोडू नका’ असे दहा वर्षे शिकवलेले असते; इथे सोडणे हीच कला. सगळे प्रश्न एकदा चाळायचे, पाहताक्षणी रस्ता दिसणारे पहिल्या फेरीत उरकायचे, वाट दिसते पण लांब आहे असे दुसऱ्या फेरीला ठेवायचे, उरलेल्यांना नमस्कार करायचा. यात गणिताहून जास्त आड येतो तो अहंकार. ‘हे तर मला येतं’ म्हणत एका भूमितीच्या उदाहरणावर सात मिनिटे घालवणारे बहुधा गणितात हुशारच असतात.

अंदाजे उत्तर देण्याचाही हिशेब आहे. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरी चारांत एक बरोबर, तीन चूक. ३ मिळतात, ३ जातात, हाती शून्य. पण शेवटचा अंक पाहून किंवा ९ ने भाग जातो का हे तपासून एक पर्याय जरी बाद करता आला, तरी तीनांत एक बरोबर येतो आणि अशा तीन प्रश्नांमागे सरासरी १ गुण पदरी पडतो. टीटात गमावण्यासारखे काही नाही, म्हणून तो कोरा ठेवणे हा निव्वळ आळस.

भाषा : कॅटचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला लसावि-मसावि पक्के येतात. तो अडखळतो ते ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘डिस्टिंक्ट’, ‘नॉन-नेगेटिव्ह’ अशा शब्दांवर. ‘नॉन-नेगेटिव्ह’मध्ये शून्य येतो, ‘पॉझिटिव्ह’मध्ये येत नाही, आणि वरच्या उदाहरणात पाहिले तसा एवढ्याने निकाल फिरतो. अशा वीस-पंचवीस शब्दांची वही आठवडाभरात तयार होते, तरी क्लासमध्ये तिच्यासाठी तास राखलेला क्वचितच दिसतो.

महाराष्ट्रात कॅटबरोबर राज्याची एमबीए सीईटीही बरेच जण देतात. तिचा स्वभाव वेगळा : १५० मिनिटांत २०० प्रश्न, त्यांतले ५० क्वांटचे, आणि चुकीला वजाबाकी नाही. प्रश्न सोपे असतात, पण प्रत्येकाला ४५ सेकंदच मिळतात. कॅटची सवय मुरलेले उमेदवार इथे नको तिथे संयम दाखवतात आणि शेवटची वीसेक वर्तुळे कोरी ठेवून बाहेर येतात.