नऊ-नऊच्या बरोबरीवरून उठलेलं काहूर

८ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हिलरी क्लिंटन यांना ३९ टक्के मतं पडली, बराक ओबामांना साधारण साडेछत्तीस. फरक जेमतेम साडेसात हजार मतांचा. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी दोघांच्या वाट्याला नऊ-नऊ आले. म्हणजे हिशेबाला ही बरोबरीच. पण ओबामांच्या अनेक समर्थकांच्या पायाखालची वाळू सरकली, आणि मतमोजणीतच पाणी मुरतंय अशी कुजबुज मध्यरात्रीच सुरू झाली.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिकडे ते पक्षाचे मतदार देतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर गेले, तेव्हाही खरी लढत प्रायमरीतच झाली होती. नऊ जणांच्या गर्दीत २८ टक्के मतं त्यांना पुरली आणि नोव्हेंबरची निवडणूक हा केवळ उपचार उरला. अध्यक्षपदासाठी मात्र ही फेरी राज्याराज्यांतून महिनोन्महिने चालते, आणि न्यू हॅम्पशायरने पहिल्या प्रायमरीचा मान आपल्या कायद्यातच लिहून ठेवला आहे. राज्य एवढंसं, प्रतिनिधी मूठभर. तरी पहिलेपणामुळे साऱ्या देशाचे कॅमेरे तिथे.

या राज्यात जिंकण्या-हरण्याचं माप मतांपेक्षा अपेक्षेवर ठरत आलंय. १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवरही नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना ४९ टक्क्यांहून अधिक मतं दिली. पक्षातलेच प्रतिस्पर्धी युजीन मॅकार्थी यांना ४२ च्या आसपास. जिंकले जॉन्सन, पण गाजले मॅकार्थी, आणि मार्चअखेर जॉन्सन यांनी शर्यत सोडली. १९७२ मध्ये एडमंड मस्की ४६ टक्के मिळवून पहिले आले, तरी शेजारच्या मेन राज्याचा माणूस म्हणून त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती, त्यामुळे ते ‘हरले’. १९९२ मध्ये बिल क्लिंटन दुसरे आले आणि स्वतःला ‘कमबॅक किड’ म्हणवून घेत विजयी वीरासारखे मिरवले.

२००८ मध्ये अपेक्षेचा हा फुगा पाच दिवसांत फुगला. ३ जानेवारीला आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या सभांतून होणाऱ्या निवडीत, ओबामा पहिले, क्लिंटन थेट तिसऱ्या. पाठोपाठ आलेल्या जनमत चाचण्या ओबामांना न्यू हॅम्पशायरमध्ये सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास आघाडी देत होत्या. डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत परंपरेप्रमाणे मध्यरात्री मतदान झालं. तिथे ओबामांना सात मतं, क्लिंटन यांना शून्य. एवढ्यावरही बातम्या रंगल्या. क्लिंटन यांचा मृत्युलेख लिहून तयार होता, फक्त तारीख टाकायची बाकी होती.

अशा वेळी निकाल उलटा लागला की माणसं कारण शोधत नाहीत, गुन्हेगार शोधतात. पहिला सापडला तो क्लिंटन यांचा गहिवर. मतदानाच्या आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत, हे सगळं कसं निभावता असं एका बाईने विचारल्यावर त्यांचा आवाज कातर झाला होता. ओबामांच्या प्रचाराचे सहअध्यक्ष जेसी जॅक्सन ज्युनियर यांनी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर त्या अश्रूंची चिकित्सा मांडली: हे अश्रू कतरिना वादळग्रस्तांसाठी कधी आले होते का? मस्की यांना १९७२ मध्ये याच राज्यात डोळे पाणावल्याच्या बातमीने बुडवलं होतं. क्लिंटन यांना तारलं म्हणे. कॅफेतल्या प्रसंगाच्याच दिवशी सेलमच्या सभेत क्लिंटन यांच्यासमोर दोघांनी ‘माझा शर्ट इस्त्री कर’ अशी ओरड केली होती, ती मात्र या चिकित्सेत कुणाला आठवली नाही.

दुसरा गुन्हेगार यंत्र. जिथे मतं हाताने मोजली तिथे ओबामा पुढे, यंत्राने मोजली तिथे क्लिंटन, असे तक्ते फिरू लागले. आपल्या ईव्हीएमशी इथे गल्लत नको. न्यू हॅम्पशायरमध्ये मत कागदावरच नोंदवतात, यंत्र फक्त तो कागद वाचतं. तक्ते खोटे नव्हते. पण हातमोजणी होते छोट्या खेड्यांत आणि यंत्रं आहेत मँचेस्टर, नॅशुआसारख्या शहरांत, जिथे क्लिंटन यांचा कामगार मतदार होता. सारख्या वस्त्यांची तुलना केल्यावर यंत्राचा म्हणून काही फरक अभ्यासकांना दिसला नाही.

फेरमोजणी ओबामांनी मागितलीच नाही. ती मागितली दीड टक्क्याहूनही कमी मतं मिळालेले उमेदवार डेनिस कुसिनिच यांनी, आपल्या मतांत फार फरक पडेल असं वाटत नाही हे अर्जातच कबूल करून. सुमारे चाळीस टक्के मतं पुन्हा मोजून झाली आणि निकाल जागचा हलला नाही. किरकोळ चुका निघाल्या, त्या माणसांच्या बेरजांतल्या. रिपब्लिकन बाजूला तर सटन गावात रॉन पॉल यांची ३१ मतं तक्ता उतरवताना चक्क शून्य झाली होती. ती चूक यंत्राची नव्हे, लेखणीची.

तिसरा तर्क जास्त दुखरा होता: गोरे मतदार चाचणीत एक सांगतात आणि पडद्याआड दुसरंच करतात. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढे असूनही हरले तेव्हापासूनचा हा संशय. पण बहुसंख्य गोऱ्या आयोवाने पाचच दिवसांपूर्वी ओबामांना जिंकवलं होतं. जनमत संशोधकांच्या राष्ट्रीय संघटनेने नंतर सविस्तर चौकशी केली. तिच्यात बरीच नीरस कारणं निघाली: चाचण्या लवकर थांबल्या, शेवटच्या क्षणी मन बनवणारे निसटले, फोनवर सहज न सापडणारे मतदार गळाले, मतपत्रिकेवर क्लिंटन वर आणि ओबामा बरेच खाली होते. अशा कारणांवर कुणी घोषणा देत नाही.

काही महिन्यांनी आकांताची पाळी दुसऱ्या बाजूची आली. ३१ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये पक्षाच्या नियम समितीपुढे क्लिंटन समर्थक रिपब्लिकन उमेदवाराच्या नावाने ‘मॅकेन, मॅकेन’ ओरडत होते. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांच्या एकमुखी निवडीचा ठराव मांडला तो खुद्द क्लिंटन यांनी, आणि नोव्हेंबरात त्यांचे बहुतेक मतदार ओबामांकडेच गेले.

२०१६ मध्ये प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढलेले बर्नी सँडर्स यांच्या काही समर्थकांनी पराभवांनंतर एक्झिट पोल आणि निकाल यांतला फरक हाच घोटाळ्याचा पुरावा मानला. मात्र त्याच वर्षी ८ मार्चला मिशिगनमध्ये चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना सुमारे २१ टक्क्यांची आघाडी देत असताना सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. चाचण्या इतक्या क्वचितच चुकल्या असतील. मिशिगनची मतंही यंत्रांनीच वाचली होती, पण सँडर्स यांच्या गोटातून फेरमोजणीची मागणी आली नाही.